बारा रविवारांची डायरी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तुमच्या याच वाचकांच्या पत्रांच्या पानासाठी मी एक पत्र लिहून ठेवलेलं, दोन फुलस्केप पानं, पाठपोट. विषय होता आमच्या चर्चमध्ये मराठी मंडळींवर होणारा अन्याय. पाकिटात घालून वर पत्ता पण लिहिलेला. ते पत्र टाकलं नाही, आणि का टाकलं नाही तेच सांगायला आज हे लिहितोय. लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपास-प्रार्थनेचे दिवस चालू आहेत, गुड फ्रायडे तोंडावर आलाय, आणि आमच्या समाजातली बरीच मंडळी सकाळी चहाबरोबर तुमचा पेपर वाचतात म्हणून जरा जागा द्यावी ही विनंती. पत्र लांबलं तर कापा, पण शेवट कापू नका.

मी बस खात्यात कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढली. स्टँडवर त्या जाळीच्या खिडकीत बसून कुठली गाडी कितीला आली, कितीला सुटली, किती लेट, हे लिहिणं हेच काम. रिटायर झालो तरी हाताची सवय काय जात नाही. दवाखान्यात गेलो तरी डॉक्टर कितीला आले ते बघतो, लग्नात गेलो तर मुहूर्त किती मिनिटं टळला ते बघतो.

आमचं चर्च एकच, पण उपासना दोन. सकाळी साडेसातला कन्नड, ती नऊला संपायची, मग सव्वानऊला मराठी, ती पावणेअकराला संपायची. बेळगावात आणि आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी असंच आहे, एकाच छपराखाली दोन भाषा, कुठं तीन, कोकणी नाहीतर इंग्रजी धरून. तर कन्नड उपासना नऊला संपायची नाही. आम्ही मराठीवाले गेटपाशी उन्हात उभे, बायका छत्र्या उघडून, पोरं धुळीत खेळून कपडे घाण करून घेतायत, आणि आत गीत चालूच. जानेवारीत मी एक खिशातली डायरी घेतली आणि लिहायला लागलो. तारीख, संपायची वेळ, किती मिनिटं लेट. बारा मिनिटं, नऊ मिनिटं, सतरा मिनिटं. जानेवारी ते मार्च बारा रविवार झाले, बेरीज एकशे त्रेचाळीस मिनिटं. घरची म्हणाली, "अहो, प्रार्थनेला जाताय की ड्यूटीला?" तिला म्हटलं तुला नाही कळायचं, पुरावा लागतो.

तो पुरावा घेऊन मी कमिटीच्या मीटिंगला गेलो. उभा राहून सगळी पानं वाचून दाखवली, आमच्या बाजूच्या दोघातिघांनी मान हलवली, बरं वाटलं. कन्नड मंडळीतले एक अज्जा आहेत, ऐंशीच्या पुढचे, शेती करणारे, मराठी आपल्यासारखंच बोलतात फक्त हेल कन्नड. ते सगळं ऐकून घेऊन हळू म्हणाले, "कंट्रोलर मामा, तुमी लिवलाय ते सगळं बरोबर हाय, आमचं चुकालंय. पण तुमचं संपल्यावर कुलूप लावणाऱ्याची बस कितीला आसतीय, ते तुमास्नी म्हाईतच आसंल की."

मला माहीत होतं. तोंडपाठ होतं. आमच्या चर्चची झाडलोट, घंटा, कुलूपकिल्ली बघणारा माणूस खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून येतो. त्याच्या गावची गाडी अकरा वीसला, ती चुकली की मग एक चाळीसला. ही गाडी मी स्वतः किती वर्षं सोडलीय स्टँडवरून. पावणेअकराला उपासना संपली तर झाडून, चटया गुंडाळून, कुलूप लावून तो चालत स्टँड गाठू शकतो. पण आमची मराठी उपासना पावणेअकराला संपतच नव्हती, अकरा दहा, सव्वाअकरा, आणि हे मी एका पण रविवारी डायरीत लिहिलेलं नव्हतं. कन्नड लोकांमुळं आम्ही उशिरा सुरू करतोय मग उशीर होणारच, असं मनात धरून बसलेलो.

घरी येऊन पुढच्या रविवारी मी मुद्दाम आपल्याच उपासनेचा टाइम लावला. नऊ पंचवीसला सुरू झाली, म्हणजे दहा मिनिटं त्यांची. बाकीचा उशीर कुठला? संदेश, म्हणजे प्रवचन, बरोबर पंचवीस मिनिटं. गीतं ठरल्याप्रमाणं. सूचना आणि मध्यस्थीची प्रार्थना मिळून सव्वीस मिनिटं. सूचना वाचणारा आणि ती प्रार्थना करणारा मीच. सहा वर्षं ते काम माझ्याकडं आहे. ठरलेली वेळ दहा मिनिटं. मी आजारी लोकांची नावं घ्यायचो, मग त्यांच्या आजाराचं थोडं सांगायचो, मग परगावी असलेली पोरं, मग देश, मग पुढारी, मग पाऊस, आणि मग मला वाटायचं की मंडळी भारावून गेली आहेत. लोक घड्याळ बघत असतील हे कधी मनात पण आलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी स्टँडवर गेलो. तो फलाटाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसलेला, पायाशी पिशवी, हातात कागदात बांधलेले चुरमुरे आणि शेंगदाणे. जेवणाचा डबा आणत नाही तो, कारण घरी जाऊन जेवायचं असतं. एक वाजून गेलेला. चुरमुरे संपल्यावर त्यानं कागद उलटा करून तळहातावर झटकला, उरलेलं मीठ जिभेनं चाटलं, आणि मग मी दिसल्यावर गडबडीनं उठून उभा राहिला, मला बसायला जागा दिली. मी त्याला म्हटलं माझ्यामुळं तुझी गाडी चुकते. तो म्हणाला, "आसू दे ओ, तुमी काय मुद्दाम केलासा काय. प्रार्थनाच की ती." मी माफी मागायला गेलेलो, आणि त्यानंच मला समजावलं. एक चाळीसची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो, गाडी एक पन्नासला आली.

इथपर्यंत सांगितलं तर लोक म्हणतात बरं झालं, चूक कळली, सुधारली. पण संपादक साहेब, खरी गोष्ट याच्या पुढं आहे आणि ती मला लिहायला जड जातेय. रविवारी संध्याकाळी तरुण मंडळींची सभा असते, मराठी पोरांची. ती पण लांबते, कधी अर्धा तास, आणि त्यामुळं त्या माणसाला शेवटच्या गाडीसाठी पळावं लागतं. ते मी कधीच लिहिलं नाही. का? कारण ती आपली पोरं. म्हणजे माझी डायरी मिनिटांची नव्हतीच. सकाळची उपासना मराठी असती आणि दुसरी पण मराठी असती तर मी डायरी विकत घेतली नसती. मी उशीर मोजत नव्हतो, कन्नड मोजत होतो.

आपल्या भागात हे कसं रक्तात भिनतं ते बाहेरच्याला कळणार नाही. १९५६ ला आमचं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनची ही जखम. १ नोव्हेंबर आला की एका घरात काळा दिवस आणि भिंतीपलीकडच्या घरात राज्योत्सव. २००४ पासून सीमेची केस सुप्रीम कोर्टात आहे. त्या प्रश्नावर माझं मत आहे आणि ते मी सोडलेलं नाही, माझ्या भाषेसाठी मी मोर्चात चाललोय, परत चालेन. पण ते भांडण मी चपला बाहेर काढून, डोक्यातून न काढता, तसंच आत देवाच्या घरात घेऊन जात होतो, आणि वर त्याला शिस्त म्हणत होतो. हे मला कोणी सांगितलं नाही. अज्जांनी तर फक्त बसची वेळ विचारली.

बायबलमधल्या मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं ते वाक्य आपल्यातल्या पोराटोरांना पण येतं, भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ख्रिस्ती नसलेले लोक पण सर्रास वापरतात, इतकं ते मराठीत मुरलंय. कन्नड शास्त्रात तिथं रवे आणि तोले असे शब्द आहेत, रवे म्हणजे बारीक कण आणि तोले म्हणजे घराची तुळई, हे मला अज्जांनीच नंतर सांगितलं. आणि मूळ ग्रीकमध्ये पण छपराला घालतात तसलं लाकूडच आहे म्हणे आमचे पाळकसाहेब. आपल्या मराठीवाल्यांनी कुसळाला जोडून मुसळ घेतलं, आणि मला ते फार बरोबर वाटतं, कारण आमचा भाताचा मुलूख. कुसळ म्हणजे काय ते आम्हाला सांगायला लागत नाही.

मी लहान असताना आमच्या खळ्यावर मळणी चाललेली, वारं सुटलेलं, आणि माझ्या डोळ्यात कुसळ गेलं. ज्यांच्या गेलंय त्यांना माहीत, डोळा उघडवत नाही, मिटवत पण नाही. मी बोंबलत चोळायला लागलो. आई सूप हातात घेऊन उफणत होती, ती धावत आली नाही. ओरडून म्हणाली, "चोळू नगंस, थांब." मग तिनं डोक्याचा फडका सोडून लांब जाऊन झटकला, हौदावर जाऊन हात धुतले, स्वतःच्या डोळ्यांवर दोनतीनदा पाणी मारलं, कारण कोंड्यानं तिचे पण डोळे गळत होते. मला तेव्हा राग आलेला, मी इकडं मरालोय आणि ही तोंड धुवालीय. मग ती आली, माझं डोकं मांडीवर घेतलं, उजेडाकडं वळवलं, पापणी दोन बोटांनी उलटली, पदराचं टोक पिळून जिभेनं ओलं केलं आणि एका झटक्यात ते काढलं. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता, इतकी जवळ. लांब उभं राहून कोणाच्या डोळ्यातलं कुसळ निघत नाही. धुळीच्या हातानं गेलो तर एकाचे दोन होतात. आणि प्रभू येशूनं कुसळ राहू दे असं कुठं म्हटलंच नाही, आधी तुझं काढ, मग तुला भावाचं काढायला नीट दिसेल, असं म्हटलंय. हे मला साठीनंतर कळलं आणि आईनं ते आठव्या वर्षी करून दाखवलेलं.

त्याच्या अगोदरचं वाक्य मापाचं आहे, ज्या मापानं तुम्ही घालाल त्याच मापानं तुम्हाला घातलं जाईल. जुन्या लोकांना आठवत असेल, खंडाचं भात मापताना घेणारा शीग भरून घ्यायचा आणि स्वतः द्यायची वेळ आली की तेच माप फळीनं सपाट करायचा. माप एकच, हात वेगळा. कन्नड उपासनेला मी सपाट मापत होतो, एक मिनिट जास्त झालं तरी लिहून ठेवायचो, आणि स्वतःच्या प्रार्थनेला शीग. लूकाच्या अठराव्या अध्यायातला तो परूशी, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो असा हिशोब देवाला सांगतो आणि शेजारच्या जकातदाराकडं बोट दाखवतो, त्याच्या हातात डायरी असती तर माझ्यासारखीच असती.

अजून एक गोष्ट माझ्या वयाच्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. योहानाच्या आठव्या अध्यायात ती व्यभिचारात धरलेली बाई आणतात, तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला धोंडा टाकावा असं प्रभू म्हणतो. पुढचं वाक्य आपण घाईत वाचतो. ते एकएक करून निघून गेले, आणि म्हाताऱ्यांपासून सुरुवात झाली. तरुण नंतर गेले. मी हे किती वर्षं वाचतोय, पण म्हाताऱ्यांपासून हा शब्द कधी थांबून बघितला नाही. ज्याची वर्षं जास्त त्याचा हिशोब जास्त, त्यानं आधी हातातला दगड खाली ठेवायचा. आमच्यात उलटं चालतं. जितकं वय जास्त तितकं पुढच्या बाकावर, आणि तितका मान वळवून मागं कोण किती वाजता आलं, कुठल्या पोरीनं काय घातलंय, कोणाचा नवरा प्यालाय, कोणाच्या घरात कोण जातीबाहेर लग्न करून आलंय ते बघायचा अधिकार. जातीबाहेर, हा शब्द आपल्या चर्चमध्ये अजून ऐकू येतो, आणि बोलणारे आपण म्हातारेच.

आता दुसरी बाजू, कारण मला माहीत आहे काही जण हे पत्र दाखवून म्हणतील बघा, कोणाचे दोष काढू नयेत. तसं मी म्हणत नाही. चर्चच्या जमाखर्चाबद्दल कोणी प्रश्न विचारला, एखाद्या घरात बाईला मार पडतोय म्हणून कोणी बोललं, की लगेच मत्तय सात काढून त्याचं तोंड बंद करायचं, हे मी डोळ्यानं बघितलंय. हे शास्त्राचा गैरवापर आहे, आणि हे करणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला उत्तर द्यायचं नसतं. त्याच सातव्या अध्यायात पुढं खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, फळांवरून ओळखा असं लिहिलंय, मग न पारखता कसं ओळखणार? भावानं अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग, हे मत्तय अठरामध्ये आहे. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडं गेला, गप्प बसला नाही, गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून निवाडा काढून घेतला आणि मग तो मनुष्य तूच असं तोंडावर सांगितलं. समोर जाऊन. गेटपाशी उभा राहून डायरीत लिहीत बसला नाही. अज्जांनी माझ्याशी जे केलं ते नाथानाचं काम होतं असं मी मानतो, फक्त त्यांनी कोकरीच्या जागी बस घेतली.

व्हॉट्सअपवर तर आपल्या मंडळींनी कहर केलाय. एक पास्टर चुकला की त्याचा व्हिडिओ या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये, खाली हात जोडलेले इमोजी आणि प्रार्थना करा असं लिहिलेलं. प्रार्थना करायची तर व्हिडिओ कशाला लागतो? कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांचे पाठवायचे, जुन्या चर्चवाल्यांनी नवीन फेलोशिपवाल्यांचे, त्यांनी आमचे. मी पण पाठवलेत, तीन तरी आठवतात. त्यातल्या एकाच्या बायकोला मी ओळखत होतो. नंतर ती मला बाजारात दिसली, भाजीच्या गाड्यापाशी, आणि मी दुसऱ्या गल्लीनं गेलो. ती कुठं राहते ते माहीत आहे, अजून तिच्याकडं जायचं धाडस झालेलं नाही. या ईस्टरच्या आत जायचं आहे, इथं छापून आलं की मला जावंच लागेल म्हणून लिहितोय.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. स्वतःची, शेजाऱ्याची नाही. पण आपण रांगेत उभे राहिलो की पुढचा कोण, हा कसा काय आला, याचं तर भावाशी कोर्टात चाललंय, हेच डोक्यात. वेदीपाशी देणगी घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर देणगी तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे ते, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर असं नाही. हे पण मी कैक वर्षं उलटं वाचत होतो. पाळक मंडळींना माझी एक सूचना आहे, सगळ्याच चर्चच्या. प्रभुभोजनाच्या आधी गीत नको, पेटी नको, तीन मिनिटं नुसती शांतता द्या, आणि ती खरंच तीन मिनिटं द्या. आमच्याकडं चारपाच महिने करून बघतोय. पहिल्यांदा लोक खोकायला लागले, मोबाइल बघायला लागले. आता बसतात. मागच्या महिन्यात एक माणूस त्या शांततेत उठून मागच्या बाकावर गेला आणि आपल्या भावाच्या शेजारी बसला. काही बोलला नाही. त्यांच्यात काय होतं ते मी कोणाला विचारलं नाही.

सूचना आता मी पाच मिनिटांत वाचतो आणि प्रार्थना दुसरे दोघंतिघं आलटून पालटून करतात. आमची उपासना बहुतेक वेळा दहा पन्नासला सुटते आणि अकरा वीसची गाडी त्याला मिळते.

परवाच्या रविवारी कन्नड उपासना परत लांबली. गेटपाशी आम्ही उभे, ऊन तेच, छत्र्या त्याच, आणि एकानं मला विचारलं, "किती झाली ओ मामा आज?" माझ्याकडं घड्याळ होतं. मी चपला काढून आत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. कन्नड मंडळीतल्या एका बाईचा पोरगा त्या आठवड्यात गेला होता, तिच्यासाठी शेवटचं गीत म्हणत होते, ती उभी राहू शकत नव्हती म्हणून दोघी जणींनी धरलेली. शब्द मला येत नव्हते. चाल मात्र आमचीच होती, आम्ही मराठीत म्हणतो तीच, म्हणून मी नुसता सूर धरून शेवटपर्यंत उभा राहिलो.

आपला,
एक निवृत्त बस कंट्रोलर, बेळगाव